सातव्या स्वर्गाचं वाक्य

खोपोलीच्या एस.टी. थांब्यावर विमलबाई बाकावर बसल्या होत्या, शेजारी बाकावरच भाजीची पाटी. समोर धर्माजी उभा होता आणि त्याची लेक सुजाता, हातात इंग्रजी वाक्प्रचारांची वही. बस यायची होती.

"औंदा पण इंग्रजीत उडाले तर नर्सिंगचं नाव नको, बाबा."

"नाय उडत. लई आनंद झाला, तर इंग्रज कसं म्हणतो? सांग."

"मी सातव्या स्वर्गात हाय."

"खोड ते. स्वर्ग-नरक आपण बुद्धाची दीक्षा घेतली तवाच सोडला."

"पेपर तपासणाऱ्यानं घेतलीय का दीक्षा?"

"नसंल घेतली. दुसरं सांग."

"चंद्राच्या वर हाय. नवव्या ढगावर हाय."

"यांचा आनंद सगळा वरच! खाली काय विंचू चावतो का यांना?"

"तुमी झालात कधी एवढे खूश?"

"झालो की. दीक्षा घेऊन गावात आलो त्या दिवशी."

"मग कुठं होता तवा? ढगावर?"

"रस्त्याच्या मधोमध. समोरनं पाटील आले. एरवी त्यांना बघून मी गटारात उतरायचो. त्या दिवशी नाय उतरलो. उभा राहिलो."

"आणि पाटील?"

"वळसा घालून गेले."

"आनंदावर पाच ओळी लिहायला आल्या, तर हेच लिहू?"

"इंग्रजीत जमंल तुला?"

"स्वर्गापेक्षा सोपं हाय, बाबा. रस्ता, पाटील, उभा. सगळे शब्द येतात मला."

विमलबाईंनी पाटी उचलून खाली ठेवली.

"बस गं पोरी इथं. आणि तो वळसा लिहायला विसरू नको."