इशिताची हजेरी

नाही हो मर्लिन टीचर, तुम्हाला कोण दोष देतंय? शाळेने घरी बसवलं म्हणून तुम्ही काय गुन्हेगार झालात? बसा, पाणी घ्या आधी — सगळं आचोळे गाव हेच म्हणतंय, समुद्रावरच्या सहलीहून निघताना टीचरने हजेरी घेतली होती, इशिताचं नाव पुकारलं होतं, बसमधून ‘हजर’ आलं होतं. मग बस सोडायची नाही तर काय करायचं? भरती सुरू झालेली, ड्रायव्हर डोकं खातोय, पोरं ओल्या चपलांनी धिंगाणा घालतायत — अशात मान वर करून एकेक तोंड कोण बघतं? मी तर नसतं बघितलं. काय? क्षितिजाच्या शेजारची जागा रिकामी होती, मग ती बोलली कशी नाही? — अहो, आठवीतली पोर ती, तिला काय कळणार?

आणि खरं सांगू? आमच्या सासूबाई म्हणतात, ‘हजर’ म्हणाली ती इशिताच. तिथून, खडकांवरून. सासूबाई निर्मळ गावच्या, समुद्राजवळच वाढलेल्या — म्हणतात, पाणी ज्याला धरतं त्याचा आवाज आधी सोडतं. हसू नका... नाही, तुम्ही हसत नाही आहात. मीही नव्हते मानत. आता मानते. मानावंच लागतं हो, नाहीतर झोप कशी लागायची?

इशिताला नादच तसला. खडकातल्या डबक्यात ते फुलासारखं असतं ना, बोट लावलं की मिटतं — तुम्हीच दाखवलंत म्हणे — तिथून हलेचना. मिटलेलं पुन्हा उघडताना बघायचं होतं तिला. सगळ्या पोरी बसकडे निघाल्या तरी ही उकिडवी बसलेली, पाणी चपलेला लागलं तरी. क्षितिजाला म्हणाली, तू माझ्या नावाला हजर म्हण गं, उघडलं की धावत आलेच मी —

म्हणजे... म्हणाली असेल. मी आपलं अंदाजाने बोलतेय. वर्गात करतातच की पोरी — एक बाथरूमला गेली की दुसरी तिच्या आवाजात हजेरी देते, तुम्हाला काय माहीत नाही? त्यात काय वाईट हेतू असतो? तिला वाटलं, बस कुठे एवढ्यात सुटतेय. आणि सुटली तेव्हा माझ्या क्षितिजाची वाचाच बसली हो... दुसऱ्या दिवशी इशिता सापडली, तेव्हापासून तर —

टीचर, असं बघू नका माझ्याकडे. हात जोडते. तुम्हाला दुसरी शाळा मिळेल. माझ्या पोरीला दुसरं गाव कुठून आणू? समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते इशिताची आई. सगळी शाळा क्षितिजाला खुनी म्हणेल हो.

उठलात? थांबा — तिकडे नको, आतल्या खोलीत आहे ती. टीचर, हाक मारू नका! तिलाच नाही, कुणालाच मारू नका ह्या घरात. काल शेजारणीने जिन्यातून तिच्या परेशला हाक मारली, तर ही आतून ‘हजर’ म्हणाली. कुणाचंही नाव घ्या, हजर म्हणते. आणि आवाज तिचा नसतो.

जा तुम्ही.