डावीकडची फुली

नाही, नाही, उजवीकडे नका जाऊ — बंद करायची फुली इथे डावीकडे असते. माझ्या कॉम्प्युटरवर कायम डावीकडेच. आज सकाळी येऊन बघते तर सगळ्या विंडोंच्या फुल्या उजवीकडे, आणि माझी ती करडी थीम जाऊन हे असलं पांढरंफटक — दवाखान्यात आल्यासारखं! अपडेट झालं असणार, दुसरं काय? विंडोज सोडून या लिनक्स सिस्टिमवर मी एवढा जीव लावला, मोठ्या तोंडानं चारचौघांत सांगितलं की हे आपल्याला विचारल्याशिवाय काही बदलत नाही — आणि त्यानंच केसानं गळा कापला. असू दे. तुमच्यासमोरच लावलं ना परत सगळं? सेटिंगमध्ये जायचं, बटणं धरून इकडे ओढायची, झालं.

डावीकडे का म्हणजे? हा उजवा हात बघा — मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही, मग माऊस डाव्या हातात आला नि त्याच्या मागोमाग फुल्याही आल्या. आणि सारखं क्लिक करू नका हो — बाण नुसता विंडोवर न्यायचा, ती आपोआप जागी होते. माझा भाऊ हसतो, म्हणतो, ताई, फुंकर मारून चालवतेस की काय? हसू दे. हा छापखाना दोघांनी मिळून काढलाय — मशीन त्याचं, मांडणी माझी. ही छोटी विंडो बघा, गिऱ्हाइकाचा मूळ मजकूर. ही कायम वर राहते, कशाच्याही खाली जात नाही. का? तर एकदा यानं मजकूर झाकून ठेवून आठवणीवर टाइप केलं, आणि औषधाच्या लेबलवर दोन चमच्यांऐवजी दोन कप छापले जाणार होते! मी होते म्हणून वाचलो. माझ्याशिवाय पान हलत नाही त्याचं — बोलून दाखवत नाही एवढंच.

खरं तर तुम्ही प्रूफं वाचायला आलात, तुम्हाला हे सगळं कशाला लागणार? पण तोच म्हणाला, ताई, हिला सगळं दाखव, अगदी बारीकसारीकसुद्धा. बरं. हल्ली काळजी करतो माझी. काल हाताच्या व्यायामाला जायचं होतं, तर स्वतः गाडीवरून सोडलं — म्हणाला, घाई नको, थेट घरी गेलीस तरी चालेल. एरवी तासभर सुटी मागितली तरी तोंड वाकडं, आणि काल... ते जाऊ दे. अगंबाई, बोलण्याच्या नादात स्क्रीन लॉक झाला. थांबा, पासवर्ड सांगते — पण तुमच्यापाशीच ठेवा हं, आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. आई त्याला लहानपणी ज्या नावानं हाक मारायची ना, तेच —

उघडला?

तुम्हीच टाकलात? न विचारता, न अडखळता... कालच बसलात तर तुम्ही इथे. या खुर्चीत. म्हणजे अपडेट-बिपडेट काही नाही. फुल्या तुमच्या सोयीनं उजवीकडे गेल्या, आणि मी वेडी सकाळपासून कॉम्प्युटरला शिव्या घालतेय! नाही हो, तुमच्यावर कशाला रागावू? तुम्हाला वाटलं असेल, त्यानं हिला सांगितलं असेल. मला सांगितलं असतं ना, की आता ही खुर्ची तुमची, तर मीच लावून दिलं असतं सगळं, अगदी हसत. पण आईनं ठेवलेलं नाव त्याला परक्या बाईला देता आलं, आणि सख्ख्या बहिणीशी दोन शब्द बोलवले नाहीत!

नाही, रडत नाहीये. सरका जरा. हां — फुली उजवीकडे. थीम पांढरी. क्लिक करा आता पोटभर. ती वर राहणारी विंडो तेवढी काढू नका, लोक औषध पितात. बसा. आणि तो आला की म्हणावं, ताई थेट घरी गेली.