नेटिवाचा पगार, किचनर शाखा

...नाही, पण मी म्हणतो, स्वतःच्या हातानं स्वतःच्याच पगारावर झाकण ठोकणारा माणूस पाहिलाय तुम्ही? नसेल तर पाहून घ्या! तुम्हाला सांगतो, इथं कॅनडात, किचनरमधलं माझं मसाल्याचं दुकान पुण्याच्या एका कंपनीनं विकत घेतलं, वर म्हणाले, विश्वनाथराव, आता तुम्हीच आमचे शाखाप्रमुख... झालं, मी फुगलो! का नाही फुगणार? आपण कुठले? पुण्याचे!

मालकीणबाई चित्राताईंचा व्हिडिओ कॉल. "काका, तिथं भरती केलेल्यांच्या पगाराला मर्यादा घालायचीय. पुण्याहून पाठवू त्यांचं वेगळं. आकडा तुम्हीच सुचवा." अहो, मूठभर मांस चढलं! आमचे पणजोबा इंग्रजांच्या कचेरीत कारकून. सगळी कचेरी यांच्या जिवावर, पण विलायतेहून कालचं पोर उतरलं की त्याला बंगला, घोडा, खानसामा, आणि पणजोबांना? 'वेल, नेटिव लोगको इससे जास्ती नहीं मिलेगा!' त्या मर्यादेला डोकं टेकवूनच गेले बिचारे. म्हटलं, आता फिटंफाट! आता विलायत आपली, नेटिव हे! अस्सा आवळला आकडा... शिपायापासून साहेबापर्यंत, इथं भरती झालेल्या कुणालाही याच्या वर एक सेंट नाही! आणि पुण्याहून येणाऱ्याला घर, गाडी, विंटर टायर, थंडीचा भत्ता... सढळ हातानं! आपण कुठले?

आमचा हिशेब बघणारी मेबल, मूळ वसईची, म्हणाली, "भाऊ, जरा सैल ठेवा हो, कोनाच्या नरड्याला लागेल सांगता येत नाय." म्हटलं, मेबल, धंद्यात नरम पडून चालत नाही!

नियम मंजूर. मी ऐटीत विचारलं, "ताई, माझा थंडीचा भत्ता कधीपासून?"

"तुम्हाला कसला भत्ता, काका? तुमची नेमणूक किचनरमधलीच की! तुम्ही स्थानिक."

"मी? अहो, मी रास्ता पेठेतला!"

"आणि पासपोर्ट? नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर मेपलच्या पानाचा झेंडा हलवतानाचा फोटो तुम्हीच नाही का पाठवलात? किती गोड दिसत होतात!"

"मग... मर्यादा तरी वाढवा!"

"छे! तुम्हीच म्हणालात ना, एकदा ठरलं की ब्रह्मदेव आला तरी हलवायचं नाही?"

मेबल हसता हसता हळदीच्या पोत्यावर बसली! म्हटलं, अगं, तुझाही पगार अडकला! तर म्हणते, "अडकू दे भाऊ, पन तुमचं तोंड बघायला मिळालं!" मग मलाही हसू आवरेना. दुकान विकून बसलेला माणूस दुसरं करणार काय?

परवा पुण्याहून साहेब उतरले. देवेश. चिंचवडचा, पण इथं आलं की तोही पुण्याचाच! ऐन डिसेंबरात पातळ जॅकेट, पायात सँडल, खिशात मी मंजूर केलेला थंडीचा भत्ता! नव्या घराचा ड्राइव्हवे गुडघाभर बर्फानं भरलेला, गाडी आत जाईना. पोरगं कुडकुडत विचारतं, "काका, इथले लोक एवढा बर्फ काढतात कसा हो?"

बर्फाचं फावडं उचललं, टोपी कानांवर ओढली, म्हटलं, "बघा साहेब... इथले लोक असा काढतात."