कैकराला हसायला सांगणारा इसम

शिरोळ पोलीस ठाणे. दि. २३ जानेवारी २०२५, दुपारी १.४० वा.

नाव: फक्रुद्दीन बाबासाहेब मणेर. वय: ६१ वर्षे. धंदा: फोटोग्राफर (स्टुडिओ गेल्या ३१ डिसेंबरपासून बंद). राहणार: शाहूपुरी, कोल्हापूर.

मी कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, माझा भागीदार कृष्णात दत्तू चौगुले, वय ६२, हा आज सकाळी सव्वानऊपासून सापडत नाही. त्याला शोधून द्यावे. सापडल्यावर त्याच्यावर गुन्हाही दाखल करावा. दोन्ही एकाच कागदावर होत नाही असे हवालदार तेजस्वी मगदूम यांनी सांगितल्याने आधी शोधून द्यावे. मी बोलतो तसेच लिहून घ्यावे असा माझा आग्रह आहे आणि मॅडमनी नाइलाजाने तो मानला आहे.

आम्ही दोघांनी चौतीस वर्षे शाहूपुरीत 'जोडी फोटो' हा स्टुडिओ चालवला. लग्नाच्या ऑर्डरीत स्टेज माझे आणि मांडव त्याचा, अशी वाटणी होती. नवरा-नवरी मी काढायची, आणि त्यांच्याकडे बघणारी माणसे त्याने. मंगळसूत्र घालताना नवरीचा बाप कसा दिसतो, तो फोटो कृष्णातचा. असले फोटो अल्बमात शेवटच्या पानांवर लागतात. "इकडं बघा, हां, हसा की जरा!" हे ओरडायचे कामही त्याचेच, कारण त्याचा आवाज हलगीच्या वर ऐकू येतो.

स्टुडिओ बंद केल्यावर १ जानेवारीला आम्ही माझ्या व्हॅनने पक्ष्यांचे फोटो काढायला निघालो. भिगवण, नाशिककडचे नांदूर मधमेश्वर, गुजरातचे नळ सरोवर, कच्छ, राजस्थानात भरतपूर आणि परत, असे एकूण चार हजार सहाशे किलोमीटर झाले. गाडी सबंध वाटेवर कृष्णातने चालवली. मी का चालवली नाही असे विचारले असता, त्याचा या जबाबाशी संबंध नाही.

मला कैकर पाहिजे होता. कैकर हा घारीएवढा पक्षी असून तो थंडीत आपल्याकडे येतो, पाण्यावर झेप टाकतो आणि पायांत मासा धरून उठतो. नऊ वर्षांचा असताना मी तो पंचगंगेवर एकदा पाहिला होता. तेव्हा कॅमेरा नव्हता. आता कॅमेरा आहे आणि हा हिवाळा आहे. पुढच्या हिवाळ्याचे मला विचारू नये.

कैकर कुठेच मिळाला नाही. प्रत्येक ठिकाणी लोक "काल होता" एवढेच सांगत. बाकीचे पक्षी मिळाले, पण त्यातही कृष्णातचा त्रास झाला. भिगवणला पहिल्याच दिवशी पाण्यात चारएकशे रोहित पक्षी उभे होते. "मागची रांग, जरा पुढं या की!" असे तो ओरडला. सगळे उडाले. मी त्याला समज दिली आणि त्याने कान धरले. नळ सरोवरावर त्याने एका बगळ्याला हनुवटी खाली घ्यायला सांगितले.

काल संध्याकाळी परत येताना जयसिंगपूरला चहा घेत असता शेजारच्या बाकावरील एका मासे धरणाऱ्याला मी मोबाईलवर कैकराचे चित्र दाखवले. तो म्हणाला, "ह्यो व्हय? ह्यो रोज सकाळी शिरोळच्या बाजूला आमच्याच नदीवर असतोय की. आमचं मासं खातोय मेला." त्यावर कृष्णात इतका हसला की चहा सांडला. मला हसू आले नाही. घरापासून दीड तासावर बसला होता आणि मी कच्छात उन्हात भाजत होतो.

आज सकाळी साडेसहाला आम्ही कृष्णाकाठी उसाच्या कडेला लपून बसलो. लपायला आमच्याकडे मांडवाचे हिरवे कापड होते, त्याला सोनेरी झालर आहे. ऊसतोडीला निघालेल्या एका बाईने थांबून विचारले, "पावणं, लगीन कुणाचं हाय?" कृष्णातने माझ्याकडे बोट करून "ह्यांचं" असे उत्तर दिले. बाई हसत गेली.

नऊ वाजून सात मिनिटांनी कैकर आला. त्याने पाण्यात झेप टाकली, मासा उचलला आणि आमच्यापासून तीसएक फुटांवर वाळक्या बाभळीवर पाठमोरा बसला. मी श्वास रोखला. त्याने मान वळवली. माझे बोट बटणावर होते. तेवढ्यात माझ्या कानाशी कृष्णात ओरडला, "हां! इकडं बघा! हसा की जरा!"

कैकर मासा टाकून गेला. मासा चिखलात पडला, तो जिवंत होता. माझ्या कॅमेऱ्यात फांदीचे चौदा फोटो आहेत. फांदी स्पष्ट आलेली आहे.

मी म्हणालो, "अरं ए, डोस्कं फिरलंय काय तुझं? कैकर हाय त्यो, नवरदेव न्हवं!" तो म्हणाला, "तोंडातनं गेलं रं फक्रू. नवरीगत मान वळवली की त्यानं." यावर मी दोन शब्द वापरले, ते मॅडमनी लिहिले नाहीत. त्यानंतर मी म्हणालो, "चौतीस वर्षांत एक फोटू धड काढला न्हाईस. नुसती बघ्यांची तोंडं काढत बसलास." हे मात्र मी लिहायला लावले आहे. त्याने एक शिवी जरी दिली असती तरी मी गेलो नसतो.

मी गाडी काढून एकटाच निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉलीला आरसा घासला. ट्रॉली उजवीकडून आली. पुढे थांबलो तेव्हा सीटवर कृष्णातचा मोबाईल, चष्मा, भाकरीचा डबा आणि साखरेच्या गोळ्या दिसल्या. त्याला मधुमेह असून दहाच्या आत खावे लागते. मी हळूहळू परत आलो, त्यात चाळीस मिनिटे गेली. तिथे मांडवाचे कापड चारी कोपरे जुळवून घडी घातलेले होते, वर दगड ठेवला होता, आणि कृष्णात नव्हता. बारापर्यंत मी उसाच्या कडेने हाका मारल्या. माझा आवाज लहान आहे. तो आमच्यात त्याचा विभाग.

वर्णन विचारले असता: उंची मध्यम. रंग उन्हात सावळा, ट्यूबलाइटखाली गव्हाळ. डाव्या गालाने फोटो बरा येतो. गळ्यात त्याचा जुना कॅमेरा.

मॅडमनी त्याचा अलीकडचा फोटो मागितला. मी "आत्ता देतो" म्हणालो आणि कॅमेरा उघडून बसलो. तेवीस दिवसांचे सहा हजार दोनशे अठरा फोटो पाहायला मला सव्वा तास लागला. एका बगळ्याच्या मागे कृष्णातचा अर्धा कान आहे. कच्छच्या एका फोटोत त्याची सावली आहे. चेहरा कुठेच नाही. अर्ध्या कानावरून ओळख पटत नाही असे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मला पाणी दिले. मी चौतीस वर्षे पासपोर्ट फोटो काढलेले आहेत. मला लाज वाटली, हे लिहावे.

दुपारी ३.१० वा. जयसिंगपूर पोलीस ठाण्यातून फोन आला. तिथे उसाच्या ट्रॅक्टरवरून आलेला एक इसम साडेदहापासून बसून असून त्याने माणूस हरवल्याची खबर दिली आहे. हरवलेल्याचे नाव फक्रुद्दीन मणेर. खबर अशी की, त्याला काचबिंदू आहे, उजव्या डोळ्याने काही दिसत नाही, डावाही चालला आहे, तरी येडं रागानं गाडी घेऊन गेलंय, आधी त्याला थांबवा. फोनवर मागून त्याचा आवाज येत होता. तो सगळ्या ठाण्याला ऐकू आला. गोळ्यांचे विचारले असता, तिथल्या पोलिसांनी त्याला जेवण घालून दुकानातून गोळी आणून दिली आहे. मी टेबलावर डोके ठेवले. किती वेळ, ते मॅडमना माहीत.

ओळख पटवण्यासाठी त्याने माझा फोटो दिला होता. त्याच्या कॅमेऱ्यात तेवीस दिवसांत एकही पक्षी नाही, अकराशे चाळीस फोटो आहेत आणि सगळे माझे, असे तिथल्या पोलिसांनी सांगितले. त्यातला शेवटचा त्यांनी मॅडमच्या मोबाईलवर पाठवला. मी तो डाव्या डोळ्याजवळ धरून पाहिला. वेळ सकाळी ९.०७. हिरव्या कापडाखाली मी आहे, कॅमेरा तोंडापुढून जरा खाली आलेला आहे आणि तोंड उघडे आहे. कैकर फोटोत नाही. पण मी काय बघतोय ते कळते.

गुन्हा दाखल करायचा आहे काय असे विचारले असता, नाही. जयसिंगपूरला जायला गाडी मी चालवणार नाही, मॅडमनी कोणालातरी सोबत द्यावे.

वरील मजकूर तेजस्वी मगदूम मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला असून त्यात मी लपवलेले आता काही उरलेले नाही. कृष्णातने काढलेला फोटो चांगला आहे. एवढे एक वाक्य त्याला वाचून दाखवू नये, ते मी स्वतः सांगेन.

(सही) फक्रुद्दीन बाबासाहेब मणेर
सही कुठे करायची ते मॅडमनी बोट ठेवून दाखवले.