लाल मातीवरचं टेनिस

आजकाल माह्या सासुरवाडीत लोक क्रिकेट सोडून लाल मातीवरचं टेनिस पाहून राह्यले, आता बोला. सुरुवात केली सासऱ्यानं. बल्लारपूरजवळ कोळशाच्या खाणीले लागूनच त्याइचं घर. गवतावरचा सामना लागला का ते चॅनल बदलतात. लाल मातीवरचा लागला का घंटे-घंटे हालत नाईत, न शेजारची मंडळी बी येऊन बसतात.

एक दिवस मी कट्टाळलो. म्हटलं, "मामाजी, हे तर संपतच नाई. काऊन पाहता?"

"थांबा जवाईबुवा. आता पाहा."

चेंडू रेषेवर पडला का बाहेर, यावर खेळाडू अडून बसला होता. पंच उंच खुर्चीवरून उतरला, तिथपर्यंत चालत गेला, वाकला न मातीतला ठसा पाहून आला.

मामाजीनं टीव्हीमागची भिंत दाखवली. खाणीतल्या ब्लास्टिंगनं वरपासून खालपर्यंत भेग पडलेली. शेजाऱ्याइच्या घरी बी तेच.

"लय अर्ज दिले, तवा साहेब आले होते," मामाजी दमल्या आवाजात म्हणाले. "गाडीतून उतरलेच नाई. बसल्या जागेवरूनच म्हणे, भेग जुनी आहे."