मेंढीवर पारखलेली दवा

(निजामाच्या राज्यातलं पाटोदा. तिथला सरकारी दवाखाना. ओसरीवर घोंगडीवर बायडाबाई पडलेली. जवळ तिचा नवरा सुग्रीव धनगर आणि नर्स केशरबाई.)

केशरबाई : खोटं बोलू नकोस सुग्रीवा. शिशी निम्मी रिकामी, आणि हिच्या अंगावर सुईची एक खूण नाही. इन्शुलीन गेलं कुठं?

सुग्रीव : वकाऱ्या व्हत व्हत्या तिला. म्हून पोटाची पुडी पाजली. दोन येळा.

केशरबाई : पोटाचं दुखणं नाहीच तिचं! रक्तात साखर चढली की पोट ढवळतं. श्वास बघ कसा ओढतेय. मी काय विचारलं? सुईची दवा कुठं गेली?

सुग्रीव : मेंढीला टोचली.

केशरबाई : काय?

सुग्रीव : आमच्यात तसंच हाय बाई. नवं रान, नवा पाला, आदी एका मेंढीला. तिला सोसलं तर समद्या कळपाला. तुमी शिशी हातात दिली, सुई उकळायची शिकवली. पन बायकोच्या अंगात घालायची चीज, पारखून नगं घ्याया?

केशरबाई : मग?

सुग्रीव : लई थरथरली. पाय गेले. मेली. चांगली धडधाकट व्हती वो! तीच सुई हिला कशी टोचू?

केशरबाई : किती भरली होतीस?

सुग्रीव : नळी भरून. जनावर दांडगं व्हतं.

केशरबाई : अरे बाबा! ही दवा साखर उतरवते. मेंढीच्या रक्तात साखर बेताचीच, तीही उतरली, म्हणून मेली. हिच्या अंगात पूर आलाय साखरेचा. हिला सुई नाही दिली तर ही जाईल.

सुग्रीव : आन दिल्यावर हिचे बी पाय गेले तर?

केशरबाई : मी इथंच बसते. मापानं देते. घाम फुटला, थरथर आली, की तोंडात साखरपाणी.

सुग्रीव : आदी मला टोचा.

केशरबाई : मेंढीगतच होईल तुझं. आता थेंब वाया घालवायचा नाही.

बायडाबाई : टोचा बाई. ह्यास्नी इचारू नका.

सुग्रीव : बायडे...

बायडाबाई : पाच दिस झाले, मेंढीचंच घेऊन बसल्यात. मी हाय का गेले, बघितलं का कुनी?

केशरबाई : दंड धर तिचा. घट्ट. झालं. आता ऐक. चार दिवसांची दवा उरलीय. हैद्राबादहून यायला पंधरवडा जाईल. नगरला मिळते. ही चिठ्ठी घे.

सुग्रीव : मोटर?

केशरबाई : आता थेट शुक्रवारी.

सुग्रीव : मग पायीच जातो. दोन दिस जायाला, दोन यायाला. येताना हद्दीच्या नाक्यावर जकात घेनाऱ्या करोडगिरीवाल्यांनी शिशी काढून घेतली तर?

केशरबाई : चिठ्ठी दाखव. पाया पड. शिशी ओल्या फडक्यात ठेव, उन्हानं तापली की फुकट.

सुग्रीव : तवर हिला...

केशरबाई : मी आहे. जा म्हणते ना! (सुग्रीव चिठ्ठी घेऊन निघतो.)

बायडाबाई : गेले का?

केशरबाई : गेला. ओढा ओलांडला बघ.

बायडाबाई : भाकर बांधून दिली न्हाई कुनी.