नांगराची ढील

हसायचं तर हसा रे, पण गिरणीतल्या फिटरने ट्रॅक्टरला हात लावू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आमच्या मॅनेजरला वडाळ्याच्या रिकाम्या जागेत भाजी लावायची हुक्की आली. भाड्याने ट्रॅक्टर आणला, तर मागचा नांगर डावी-उजवीकडे झुलायचा. मला बोलावलं. मी नांगराला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या साखळ्या अशा आवळल्या की नांगर ट्रॅक्टरशी एकजीव झाला, तसूभर हलेना.

साताऱ्याकडचा ड्रायव्हर म्हणाला, "फिटरसाहेब, वाईच ढील ऱ्हाऊ द्या."

"गिरणीत मागावर अशी ढील ठेवली ना, तर धोटा उडून कपाळात बसतो. तू चालव!"

नांगर सुतासारखा सरळ निघाला. मी मॅनेजरकडे बघून कॉलर ताठ केली. टोकाला ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवलं, पुढची चाकंही वळली, पण मातीत रुतलेला नांगर ट्रॅक्टरला वळूच देईना. मॅनेजरने बाजूला उडी मारली आणि ट्रॅक्टर कुंपण तोडून त्याच्या मोटारीपासून हातभर अंतरावर थांबला.

मी साखळ्या सैल करायला पाना उचलला. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "साहेब, महाराष्ट्र संयुक्त करायचा हुता. माझा नांगर न्हवं."